नॅनोबॉडीसाठी बाबांची केमो थांबवून ठेवायची का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बाबा 63 वर्षांचे, कावीळ झाली म्हणून तपासण्या केल्या तर पित्तनलिकेचा कॅन्सर निघाला, लिव्हरमध्येही दोन-तीन गाठी आहेत, स्टेंट टाकल्यावर कावीळ उतरत चाललीये, लिव्हरच्या गाठीच्या बायोप्सीत अ‍ॅडेनोकार्सिनोमा (ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर) आलाय. डॉक्टरांनी जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन ही केमो आणि परवडत असेल तर सोबत ड्युर्वालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध असं सांगितलंय. तेवढ्यात तुमच्या भावाने नॅनोबॉडीबद्दल (उंट-लामांच्या अँटीबॉडीचा छोटा तुकडा) कुठेतरी वाचलं, एका एजंटने परदेशात 'लिव्हर, पॅनक्रिया, पित्तनलिका तिन्हींवर चालणारी नॅनोबॉडी थेरपी' मिळते म्हणून अ‍ॅडव्हान्स मागितला, आणि आता घरात दोन तट पडलेत की केमो सुरू करायची का ती थेरपी मिळेपर्यंत थांबायचं. शिवाय नॅनोबॉडीने लवकर निदान होतं का, उंटिणीचं दूध द्यावं का आणि तुम्हा भावंडांना काही टेस्ट करून घ्यायला हवी का, हेही विचारलंय.

मी मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट आहे, रोजचं काम जास्त करून लिव्हर, पित्ताशय, पॅनक्रिया याच पेशंटचं. बाबांचे स्कॅन मी बघितलेले नाहीत, त्यामुळे डोस, किती सायकल, ऑपरेशन होईल का यावर मी इथून काही बोलणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं. बिलिरुबिन (काविळीचं प्रमाण) किती उतरलंय, किडनी कशी आहे, बाबा दिवसभर चालते-फिरते आहेत की बराच वेळ पडून असतात, यावर खूप काही ठरतं. पण नॅनोबॉडीबद्दल आणि घरातल्या वादाबद्दल मात्र बोलता येईल.

माझ्या मते नॅनोबॉडी चांगली की वाईट हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. बाबांच्या ट्युमरवर पकडता येण्यासारखं काही आहे का, आणि ते शोधायला पुढचे दोन-तीन आठवडे कसे वापरायचे, हा खरा प्रश्न. नॅनोबॉडी स्वतःहून कॅन्सर ओळखत नाही, ती फक्त एका ठरलेल्या प्रोटीनला चिकटते. ते प्रोटीन बाबांच्या गाठीवर असेल तर पुढे बोलण्यात अर्थ आहे, नसेल तर जगातली सगळ्यात भारी नॅनोबॉडी आणली तरी ती लघवीवाटे निघून जाईल, बस.

आता ती आहे काय ते सांगते, कारण एजंट लोक नेमका याच जागी गोंधळ करून ठेवतात. आपल्या रक्तातल्या नेहमीच्या अँटीबॉडी दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या मिळून बनतात, वजन साधारण 150 किलोडाल्टन. ब्रसेल्सच्या व्राये युनिव्हर्सिटीत रेमंड हॅमर्स यांच्या टीमला उंटाच्या रक्तात अशा अँटीबॉडी सापडल्या ज्यांना हलकी साखळीच नव्हती, ते 1993 साली नेचरमध्ये छापून आलं. लामा, अल्पाका यांच्यातही तेच. या अँटीबॉडीचं फक्त टोक, म्हणजे जे टार्गेटला चिकटतं तेवढंच वेगळं काढलं की झाली नॅनोबॉडी, वजन 15 किलोडाल्टनच्या आसपास, म्हणजे मूळ अँटीबॉडीच्या दहावा हिस्सा. बनवताना अल्पाकाला किंवा लामाला हवं ते प्रोटीन टोचतात, काही आठवड्यांनी थोडं रक्त काढतात, पांढऱ्या पेशींमधून त्या टोकांचे जीन्स काढून लाखो-करोडो नमुन्यांतून घट्ट चिकटणारे निवडतात, आणि एकदा निवड झाली की पुढचं सगळं उत्पादन बॅक्टेरियात किंवा यीस्टमध्ये होतं, प्राण्याची गरजच राहत नाही. काही तर प्राण्याशिवायच, माणसाच्या जीन्सच्या संग्रहातून निवडलेल्या असतात.

उंटिणीच्या दुधाचं इथेच सांगून टाकते, कारण नॅनोबॉडीचं नाव निघालं की आजकाल दोनेक दिवसांत घरात दुधाची पावडर येते. त्या दुधात असतील त्या अँटीबॉडी त्या उंटिणीला जे जंतू भेटले त्यांच्याविरुद्धच्या, बाबांच्या ट्युमरशी त्यांचा काही संबंध नाही, आणि तोंडाने घेतलेलं प्रोटीन पोटात पचून जातं, ते अख्खं रक्तात जाऊन लिव्हरच्या गाठीपर्यंत पोचत नाही. बाबांना आवडत असेल तर दूध म्हणून उकळून द्या, औषध म्हणून नको, आणि कच्चं तर अजिबात नको कारण केमोमध्ये पांढऱ्या पेशी कमी होतात तेव्हा कच्च्या दुधातलं इन्फेक्शन महागात पडतं.

मंजूर झालेल्या औषधांचं सांगते. पहिलं नॅनोबॉडी औषध कॅप्लासिझुमॅब, युरोपात 2018 ला आणि अमेरिकेत 2019 ला मान्य झालं, पण ते रक्तात गुठळ्या होणाऱ्या टीटीपी नावाच्या दुर्मिळ आजारासाठी, कॅन्सरसाठी नाही. 2022 ला अमेरिकेत सिल्टा-सेल नावाची कार-टी (पेशंटच्याच टी-सेल बदलून परत देण्याचा उपचार) मान्य झाली, त्यात टी-सेलवर बसवलेला पकडणारा भाग दोन नॅनोबॉडींचा आहे, पण ती मल्टिपल मायलोमासाठी, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरसाठी. आणि तिसरं, जे तुमच्या कामाचं आहे, ते एन्व्हाफोलिमॅब. चीनमध्ये 2021 ला मान्य झालं, पीडी-एल1 ला (कॅन्सर पेशी ज्याच्या आडून शरीराच्या प्रतिकारशक्तीला थोपवते ते प्रोटीन) अडवणारी नॅनोबॉडी आहे, कातडीखाली इंजेक्शन म्हणून देतात, सलाइन लावून तासभर बसायला लागत नाही.

हे एन्व्हाफोलिमॅब ज्या पेशंटसाठी मान्य झालं ते अवयव बघून नाही. अट अशी की ट्युमर एमएसआय-हाय किंवा एमएमआर डेफिशियंट असला पाहिजे, म्हणजे पेशीतली डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असली पाहिजे, मग तो आतड्याचा असो, जठराचा असो की आणखी कुठला. ज्या ट्रायलवर ते मान्य झालं त्यात 103 पेशंट होते, बहुतेक आतड्याचे आणि जठराचे, आणि त्यातल्या साधारण 43 टक्के जणांचा ट्युमर लक्षणीय कमी झाला. आकडा चांगला आहे, मान्य. पण पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये एमएसआय-हाय असणारे शंभरात एक ते तीन, पॅनक्रियात एखादाच. आणि जर बाबा त्या एक ते तीनमध्ये निघाले, तर त्यांच्यासाठी पेम्ब्रोलिझुमॅब आज आपल्याकडे मिळतंय, नेहमीची मोठी अँटीबॉडी आहे, त्याच रस्त्यावर अडवते, अमेरिकेत 2017 पासून याच कारणासाठी मान्य आहे. महाग आहे, त्याबद्दल दुमत नाही, पण त्यासाठी चीनला जायची किंवा एजंटला पैसे द्यायची गरज नाही. म्हणजे नॅनोबॉडीच्या मागे लागून जी टेस्ट करावी लागली असती तीच टेस्ट इथे करायची, आणि उत्तर होय आलं तर औषध इथेच आहे.

एजंटचं 'तिन्हींवर चालते' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, ते यासाठी की या तिन्ही कॅन्सरचं बाहेरचं रूपच वेगळं आहे.

लिव्हरचा जो मुख्य कॅन्सर, हेपॅटोसेल्युलर, त्यात ग्लिपिकॅन-3 नावाचं प्रोटीन बहुसंख्य पेशंटच्या ट्युमरवर सापडतं, आणि मोठ्या माणसाच्या निरोगी लिव्हरवर जवळजवळ नसतं. असं टार्गेट मिळणं म्हणजे नशीबच. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये मिचेल हो यांच्या टीमने त्यासाठी एचएन3 नावाची सिंगल डोमेन अँटीबॉडी तयार केली, तिला विष जोडून उंदरांमधले ट्युमर लहान करून दाखवले, नंतर तिलाच किरणोत्सारी झिरकोनियम जोडून पेट स्कॅनमध्ये ट्युमर उजळून दाखवला. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण हे काम उंदरांमधलं, आणि हेपॅटोसेल्युलरसाठीचं, तुमच्या बाबांचा कॅन्सर पित्तनलिकेच्या पेशींमधून आलेला आहे, लिव्हरमध्ये गाठी असल्या तरी तो 'लिव्हर कॅन्सर' होत नाही. घरातल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, रिपोर्टवर लिव्हर शब्द दिसला की लिव्हर कॅन्सरचं सगळं वाचून काढतात. शिवाय टार्गेट चांगलं असलं म्हणजे औषध चालतंच असंही नाही, याच ग्लिपिकॅन-3 वर कोड्रिटुझुमॅब नावाची मोठी अँटीबॉडी पेशंटमध्ये वापरून बघितली होती, फेज टूमध्ये ती प्लासिबोपेक्षा सरस ठरली नाही.

पॅनक्रियाची अडचण वेगळीच. त्या ट्युमरमध्ये कॅन्सरच्या पेशी कमी आणि त्यांच्याभोवती तंतूंचं जाळंच जास्त, हाताला काथ्यासारखं चिवट लागतं, रक्तवाहिन्या कमी आणि दाबलेल्या, त्यामुळे औषध आत शिरायलाच मागत नाही. नॅनोबॉडी लहान, त्यामुळे ती या जाळ्यात आत पसरू शकेल ही कल्पना तिथून आली, आणि कल्पनेत दम आहे. एमआयटीत रिचर्ड हाइन्स यांच्या लॅबने तर उलटा विचार केला, जाळं अडथळा आहे ना मग जाळ्यालाच पकडू, म्हणून त्यांनी फायब्रोनेक्टिन या जाळ्यातल्या प्रोटीनच्या एका खास तुकड्याला चिकटणारी नॅनोबॉडी काढली, 2019 ला छापलेल्या त्या कामात उंदरांमध्ये पॅनक्रियाचा कॅन्सर, पसरलेल्या गाठी आणि कॅन्सर व्हायच्या आधीचे बदलसुद्धा स्कॅनवर दिसले. लवकर निदानाचं तुम्ही विचारलंत ना, त्या दिशेने मला आशा वाटते ती अशा कामामुळे. क्लॉडिन 18.2 नावाच्या प्रोटीनवरही चीनमध्ये बरंच काम चाललंय. पण पॅनक्रियाच्या पेशंटला मी उद्या लिहून देऊ शकेन असं यातलं काहीही नाही.

आणि पित्तनलिका. तिच्यात सगळ्यांना सामायिक असं एक टार्गेटच नाही. लिव्हरच्या आतल्या नलिकेत सुरू झालेल्या कॅन्सरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांत एफजीएफआर2 या जीनचे बदल मिळतात, जवळपास तेवढ्याच जणांत आयडीएच1 जीनचे, पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये पेशीवरचा एचईआर2 रिसेप्टर जास्त मिळतो, लिव्हरच्या बाहेरच्या नलिकेत आणखी वेगळं चित्र. म्हणून पित्तनलिकेसाठी 'एकच नॅनोबॉडी सगळ्यांना' असं कोणी म्हणत असेल तर त्याला एकच विचारा, टार्गेट कुठलं? नाव सांगता आलं नाही तर विषय तिथेच संपला.

नॅनोबॉडीचा जो गुण आहे तोच तिचा दोषही आहे, हे जरा सविस्तर लिहिते कारण वाचताना हेच राहून जातं. लहान असल्यामुळे ती किडनीतून भराभर गाळली जाते, रक्तातली बरीचशी तास-दोन तासांत जाते. स्कॅनसाठी हे फार उत्तम. समजा किरणोत्सारी गॅलियम-68 जोडला, ज्याची शक्ती 68 मिनिटांत निम्मी होते, तर सकाळी इंजेक्शन, तासा-दीड तासाने स्कॅन, दुपारी घरी. मोठी अँटीबॉडी वापरली तर ती रक्तात दिवसच्या दिवस फिरत राहते, त्यामुळे झिरकोनियम-89 सारखा हळू विरणारा आयसोटोप लागतो आणि पेशंटला तीन-चार दिवसांनी परत बोलवायला लागतं, शिवाय मोठी अँटीबॉडी लिव्हरमध्ये जमते, म्हणजे लिव्हरमधलीच गाठ शोधायची आणि लिव्हरच चमकतंय अशी पंचाईत. नॅनोबॉडीत ही पंचाईत कमी असते, म्हणून आपल्या या तीन कॅन्सरमध्ये मला तिचा पहिला खरा उपयोग स्कॅनमध्ये दिसतो. ब्रसेल्सलाच ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटमध्ये एचईआर2 च्या नॅनोबॉडीचा पेट स्कॅन करून बघितलाय, 2016 ला ते प्रसिद्ध झालं, माणसांत सुरक्षितपणे होतं हे दिसलं.

पण उपचारासाठी तोच वेग आड येतो. औषध ट्युमरमध्ये लवकर शिरलं तरी मागून येणारा पुरवठाच संपला तर आत साठणार किती? म्हणून उपचारात वापरताना तिला काहीतरी जोडून जड करतात, एन्व्हाफोलिमॅबलाही अँटीबॉडीची शेपटी जोडलेली आहे, मग ते 15 किलोडाल्टनचं राहत नाही, 80 च्या आसपास जातं. म्हणजे 'लहान आहे म्हणून आत शिरते' हा जो जाहिरातीतला मुद्दा आहे तो बऱ्याच औषधांना पूर्ण लागूच होत नाही. आणि किरणोत्सारी आयसोटोप जोडून उपचार करायचा म्हटलं तर गाळली गेलेली नॅनोबॉडी किडनीच्या नळ्यांमध्ये पकडून ठेवली जाते, डोस ट्युमरपेक्षा किडनीला जास्त बसायची भीती. यावर काम चालू आहे, पण सिस्प्लॅटिन घेतलेल्या पेशंटच्या किडनीकडे मी आधीच डोळ्यात तेल घालून बघत असते, त्यामुळे मला ही गोष्ट छोटी वाटत नाही.

'नैसर्गिक, छोटी, साइड इफेक्ट नाहीत' असंही तुमच्या भावाला सांगितलं गेलंय. टीएएस266 नावाची एक नॅनोबॉडी होती, चार टोकं एकत्र जोडलेली, डीआर5 नावाच्या रिसेप्टरला पकडून कॅन्सर पेशीला मरायला लावणारी. प्राण्यांमध्ये ठीक वाटली. माणसांतल्या पहिल्या ट्रायलमध्ये चारच पेशंटना दिली, त्यातल्या तिघांची लिव्हर एन्झाइम्स जोरात वाढली, तेही सगळ्यात कमी डोसला, आणि ट्रायल थांबवली. 2015 ला ते छापलं गेलं. त्या पेशंटच्या रक्तात आधीपासूनच त्या प्रोटीनला ओळखणाऱ्या अँटीबॉडी असाव्यात आणि त्यामुळे ते रिसेप्टर लिव्हरच्या पेशींवर जास्तच चेतवले गेले असावेत, असं कारण मांडलं गेलं. औषध बंद केल्यावर एन्झाइम्स खाली आली. आता विचार करा, कावीळ नुकती उतरतेय, स्टेंट आत आहे, लिव्हरमध्ये गाठी आहेत, अशा माणसाला कुठल्याशा क्लिनिकमध्ये टार्गेटचं नावही न सांगता काहीतरी टोचायचं, ज्यात कोणी रोज एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) बघणार की नाही तेही माहीत नाही. मी माझ्या वडिलांना हे करू देणार नाही.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: नॅनोबॉडी खरी आहे, विज्ञान भक्कम आहे, या तिघांपैकी कुठल्याही कॅन्सरसाठी म्हणून खास मान्य झालेलं नॅनोबॉडी औषध आज नाही, जे एक जवळचं आहे ते एमएसआय-हाय असेल तरच, आणि त्याला इथे पर्याय आहे.

आता करायचं काय ते. सगळ्यात आधी बायोप्सीचा ब्लॉक. लिव्हरमधून सुईने काढलेला तुकडा म्हणजे शेवयासारखा बारीक, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, तो मेणाच्या छोट्या वडीत बसवून प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्यातून पातळ काप काढून एकेक टेस्ट होते, आणि प्रत्येक टेस्टला थोडा तुकडा संपत जातो. होतं काय, की 'मूळ कॅन्सर कुठला' हे ठरवायला एकामागून एक मार्कर लावत जातात आणि जेव्हा खरोखर उपयोगाच्या टेस्ट करायची वेळ येते तेव्हा पॅथॉलॉजिस्ट सांगतात, टिश्यू उरलेला नाही, परत बायोप्सी करा. कावीळ झालेल्या माणसाला परत सुई घालायची म्हणजे परत रक्त गोठण्याच्या टेस्ट, परत अ‍ॅडमिशन, आठवडा गेला. म्हणून आजच जाऊन डॉक्टरांना आणि पॅथॉलॉजिस्टना सांगा की टिश्यू जपून वापरा, आम्हाला पुढच्या टेस्ट करायच्यात, आणि ब्लॉक कुठे आहे ते विचारून ठेवा. दुसऱ्या लॅबला पाठवायला लागला तर तो मागून घेता येतो, रीतसर अर्ज देऊन सही करून. कागदी रिपोर्ट सगळे नीट फाइल करून ठेवतात आणि ब्लॉकचं कोणाच्या लक्षातच येत नाही.

त्या ब्लॉकवर काय काय बघायचं तर एमएमआरची चार प्रोटीन, एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2, एमएसएच6, ही साधी इम्युनो टेस्ट आहे, तुलनेने स्वस्त, बऱ्याच ठिकाणी होते, ती आधी. सोबत एचईआर2, आणि तो 3+ (म्हणजे ठळक पॉझिटिव्ह) आला तर सांगा कारण त्यावर औषधं आहेत. मग शक्य असेल तर एनजीएस पॅनेल, ज्यात एफजीएफआर2, आयडीएच1, बीआरएएफ वगैरे एकदम बघितलं जातं, याला खर्च आहे आणि रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात, कधी जास्तही. एफजीएफआर2 साठी पॅनेलमध्ये आरएनए बघतात का ते विचारा, नुसत्या डीएनएवर काही फ्युजन (दोन जीन्स एकमेकांना जोडले जाणं) निसटतात. टिश्यू खरंच संपला असेल तर रक्तातून करायची टेस्टही आहे, पण तिच्यात नाही आलं म्हणजे नाहीच असं धरता येत नाही. पैसे मोजकेच असतील तर एमएमआर आणि एचईआर2 आधी, एनजीएस नंतर, असा क्रम मी लावते. ट्युमर लिव्हरच्या आतल्या नलिकेचा असेल आणि थोडी सोय असेल तर मात्र एनजीएसचा आग्रह धरते, कारण तिथे काही सापडण्याची शक्यता बरीच जास्त.

आणि हे रिपोर्ट येईपर्यंत केमो थांबवायची का? नाही. बिलिरुबिन पुरेसं खाली आलं, इन्फेक्शन नाही, किडनी ठीक, की सुरू करायची. जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन 2010 पासून या कॅन्सरचा पाया आहे. त्यात ड्युर्वालुमॅब जोडल्याने काय होतं ते टोपाझ-1 ट्रायलमध्ये दिसलं, दोन वर्षांनी नुसत्या केमोच्या गटात शंभरातले साधारण दहा जण हयात होते आणि ड्युर्वालुमॅबच्या गटात पंचवीस. हे आकडे वाचताना मला माहितीये काय वाटतं, तुम्हाला याहून खूप मोठा आकडा हवा आहे, मलाही हवा आहे. पण ड्युर्वालुमॅबसाठी घर किंवा जमीन विकायची वेळ येत असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, कंपनीच्या पेशंट सपोर्ट स्कीमबद्दल विचारा, आणि नाहीच जमलं तर केमो तरी वेळेवर सुरू करा, मनात अपराधीपण ठेवू नका. थांबण्यात तोटा असा की हा कॅन्सर वाट बघत बसत नाही. आज चालत ओपीडीत येणारा माणूस सहा आठवड्यांनी केमो झेपेल अशा स्थितीत राहीलच याची खात्री नसते, आणि मग ट्रायलमध्येसुद्धा घेत नाहीत, तिथेही पेशंट चालता-फिरता लागतो आणि बिलिरुबिन मर्यादेत लागतं. म्हणजे उद्या खरंच एखादी चांगली नॅनोबॉडी ट्रायल उघडली तरी तिच्यात शिरायला बाबांची तब्येत आज सांभाळायला हवी.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती पण सांगते, कारण मी पेशंट गमावताना पाहिलेत ते यामुळे. स्टेंट असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. स्टेंट तुंबून पित्तनलिकेत इन्फेक्शन झालेलं असू शकतं आणि ते काही तासांत रक्तात पसरतं. रात्री दोन वाजले असतील तरी त्याच वेळी हॉस्पिटलला न्यायचं, गेल्या गेल्या 'पित्तनलिकेत स्टेंट आहे, केमो चालू आहे' हे पहिलं वाक्य सांगायचं. लघवी परत गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली, तरी फोन करायचा. हॉस्पिटल लांब असेल तर गाडीची सोय आधीच ठरवून ठेवा.

ट्रायल शोधायच्या असतील तर दोन जागा, भारतातल्यांसाठी सीटीआरआय ही सरकारी नोंदणी आणि जगभरासाठी अमेरिकेची क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह. दोन्ही फुकट बघता येतात. एजंटला नोंदणी नंबर मागा, तो स्वतः टाकून बघा, त्यात कुठला कॅन्सर, कुठलं टार्गेट, कुठलं हॉस्पिटल, भरती चालू आहे का हे सगळं लिहिलेलं असतं. आणि खऱ्या ट्रायलमध्ये जे औषध तपासलं जातंय त्याचे पैसे पेशंटकडून मागत नाहीत, उलट ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचाराची जबाबदारी घेणारे असतात, आपल्याकडे 2019 च्या नियमांत ते स्पष्ट आहे. अ‍ॅडव्हान्स आधी आणि नंबर नंतर, असा कारभार असेल तर तो उपचार नाही. दुसरं मत हवंच असेल तर परेलच्या टाटा मेमोरियलला किंवा नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या जवळच्या सेंटरला फाइल, स्कॅनची सीडी आणि तो ब्लॉक घेऊन जा, पण पहिली केमो इथे चालू ठेवून जा, ते लोकही तेच सांगतील.

तुमचा भाऊ चिडला असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. नॅनोबॉडी खोटी आहे असं त्याला सांगितलंत तर तो ऐकणार नाही आणि ते खरंही नाही. त्याने वाचलेलं बरोबर आहे, फक्त ते उंदरांमधून आणि दुसऱ्या आजारांमधून बाबांपर्यंत अजून आलेलं नाही. त्यालाच ब्लॉकचं आणि एमएमआर रिपोर्टचं काम द्या, शोधाशोध करायची त्याची हौस तिथे कामी येईल.

राहिला भावंडांचा प्रश्न. नॅनोबॉडीवर आधारलेली अशी कुठलीही रक्ततपासणी नाही जी करून तुम्हाला 'कॅन्सर नाही' असं सांगता येईल. सीए 19-9 ही कॅन्सर मार्करची रक्ततपासणी पण निरोगी माणसाने चाळणी म्हणून करायची टेस्ट नाही, साध्या काविळीतही ती वाढते आणि काही लोकांच्या शरीरात जन्मतःच बनत नाही. तुम्हाला काही करायचं की नाही हे बाबांच्या एमएमआर रिपोर्टवरून ठरेल. चारही प्रोटीन शाबूत असतील आणि घराण्यात आतड्याचा, गर्भाशयाचा किंवा कमी वयातला कॅन्सर नसेल तर सहसा खास काही लागत नाही, हिपॅटायटिस बी-सीची तपासणी एकदा करून घ्या तेवढं. पण एखादं प्रोटीन गायब आलं तर लिंच सिंड्रोमचा (कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) विचार करायला लागतो, तेव्हा बाबांची जनुकीय रक्ततपासणी आणि जेनेटिक काउन्सेलिंग आधी, आणि त्यात बदल सापडला तर तुम्हा भावंडांची, कारण तो प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी असते आणि ज्यांच्यात येतो त्यांच्या कोलोनोस्कोपी साधारण पंचविशीपासूनच ठराविक अंतराने चालू करतात. रिपोर्ट हातात आला की त्या चार प्रोटीनपुढे काय लिहिलंय ते इथेच टाका, बाबांचं नाव आणि फाइल नंबर झाकून, म्हणजे पुढचं बोलता येईल.